नऊ नंबरची टाकी

"बाहेरची टाकी गॅसकटरवाल्यांनी आठवड्यात कापून नेली, ताई. ही आतली मात्र तुमच्या आईशिवाय कोणाच्या बापाला पडत नाही."

बाबुरावांनी टर्मिनलच्या काचेवर बोट टेकवलं. शिवडीच्या या खाद्यतेलाच्या यार्डात ते माझ्या लहानपणापासून ऑपरेटर आहेत. काच जुन्या टीव्हीसारखी फुगीर आणि काळी. तिच्यावर पांढऱ्या रेषांनी काढलेला अख्खा यार्ड. वरून पाहिल्यासारखे बारा गोल म्हणजे बारा टाक्या, त्यांना जोडणारे पाइप, आणि प्रत्येक गोलाशेजारी एक उभी पट्टी, आत तेल किती आहे ते दाखवणारी. नवव्या गोलाची पट्टी काठोकाठ भरली होती आणि गोल लुकलुकत होता. खिडकीबाहेर त्या जागी नुसता काँक्रीटचा चौथरा होता. त्यावर कोणीतरी गमबूट वाळत ठेवले होते.

टर्मिनलच्या मागून भोंग्याचा दबका आवाज येत होता. बाबुरावांनी त्याच्या तोंडावर पिवळ्या डस्टरची घडी ठेवून वर चिकटपट्टी मारली होती.

"हा सारखा असाच?"

"चोवीस तास. पहिल्यांदा डोकं उठायचं. आता ऐकूच येत नाय. तीच तर भीती आहे ना. उद्या दहा नंबर खरंच भरून वाहायला लागली तर हाच भोंगा वाजणार, आणि मी काय म्हणणार? बोंबलतेय परत नऊ नंबर."

कारण साधं होतं आणि मला ते ठाऊक होतं. हा प्रोग्राम लिहिताना आईने एक नियम केला होता: जी टाकी हाकेला ओ देत नाही ती भरलेली समजायची. मापकाची वायर तुटली, उंदराने कुरतडली, पाणी शिरलं, काहीही झालं तरी गप्प टाकीवर विश्वास ठेवायचा नाही, भोंगा वाजवायचा. या नियमावर यार्ड इतकी वर्षं चालला होता. नऊ नंबर गंजली म्हणून एप्रिलमध्ये कापली, तेव्हा तिच्या वायरीही कापल्या गेल्या. टाकी गप्प झाली, आणि नियमाप्रमाणे भरली.

यार्डची मॅनेजर श्रेया हेल्मेट काढत आत आली. वयाने माझ्यापेक्षा लहान, केमिकल इंजिनिअर, या नोकरीत नवीन.

"गुरुवारी जहाज लागतंय," ती म्हणाली. "पामतेल. दहा आणि अकरात घ्यायचंय. खोटा अलार्म चालू असताना मी व्हॉल्व्ह उघडायची परवानगी देऊ शकत नाही. सॉरी, पण नाहीच देऊ शकत. नवीन सिस्टिम दिवाळीला येतेय. तोपर्यंत हे नीट झालं तर ठीक, नाहीतर टर्मिनल बंद करू आणि टेपवर जाऊ."

टेपवर जायचं म्हणजे शिडीने टाकीच्या डोक्यावर चढायचं, झाकण उघडायचं आणि वजन बांधलेली पट्टी आत सोडून तेल मोजायचं. जहाज रिकामं होईपर्यंत पुन्हा पुन्हा. मे महिन्यात त्या पत्र्याला हात लावता येत नाही.

"चढणार कोण?" बाबुरावांनी विचारलं.

"ज्याची शिफ्ट असेल तो."

"म्हणजे मी. गुडघा आत्ता कुठे बदलून घेतलाय, मॅडम. त्यालाही वरून शिवडी दाखवून आणतो."

"मला काय हौस आहे का, बाबुराव?" श्रेया खुर्चीत बसली आणि माझ्याकडे वळली. "हे टर्मिनल बनवणारी कंपनी आहे कुठे?"

"लालबागला एका गाळ्यात होती. कधीच बंद झाली. नंतर आईच बघायची."

"आणि तुम्ही प्रोग्रामर?"

"नाही. मी पुस्तकांची मुद्रितं तपासते."

श्रेयाने बाबुरावांकडे पाहिलं. बाबुरावांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"पण हा प्रोग्राम मला वाचता येतो," मी म्हणाले. "बुधवारपर्यंत वेळ द्या."

आई, सरोजिनी मर्चंडे, भोईवाड्याच्या चाळीत वाढली. कुशाबा आजोबा गिरणीत साचे चालवायचे. संपानंतर ते घरी बसले आणि इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेल्या आईच्या पगारावर घर आलं. लालबागच्या गाळ्यात पाच-सहा माणसांची ती कंपनी ग्राफिक्स टर्मिनलं बनवायची. आज कोणत्याही मोबाइलवर चित्र हलतं. तेव्हा कॉम्प्युटरच्या पडद्यावर फक्त अक्षरं यायची, आणि रेषा-वर्तुळं काढायची तर वेगळं यंत्र लागायचं, स्वतःचा मेंदू असलेलं. पण मेंदू असून ते यंत्र स्वतःसाठी प्रोग्राम तयार करू शकत नसे. तेवढी जागाच नव्हती त्याच्या डोक्यात. म्हणून प्रोग्राम सी भाषेत दुसऱ्याच कॉम्प्युटरवर लिहायचा, त्याच कॉम्प्युटरवर त्याचं टर्मिनलला कळणाऱ्या आकड्यांमध्ये रूपांतर करायचं, आणि ते आकडे वायरीतून टर्मिनलमध्ये उतरवायचे. एका यंत्रावर बसून दुसऱ्या यंत्रासाठी रूपांतर करणाऱ्या या हत्याराला क्रॉस-कंपायलर म्हणतात.

सुंदराबाई आजीला हे आईने समजावलं तेव्हा मी तिथेच पाटावर बसून जेवत होते.

"काय गो सरू, दिवसभर बोटं बडवतेस, करतेस तरी काय?"

"आये, टेलर बसलाय हिंदमाताला आणि गिऱ्हाईक आहे शिवडीला. गिऱ्हाइकाला इथे येता येत नाही. मग टेलर काय करेल?"

"मापाचा ब्लाउज मागवील."

"मी तेच करते. इथे बसून तिथल्याच्या अंगाचं शिवते."

"आणि नाय बसलं तर?"

"तर गिऱ्हाईक तक्रार करत नाही, जागच्या जागी मरतं. मग उसवायचं आणि परत शिवायचं."

आजीने आमटीची वाटी माझ्याकडे सरकवली. "लाड नुसते मेल्याचे," ती म्हणाली.

शिवडीचं टर्मिनल बसवायला आई गेली ती कंपनीतल्या राजरत्नमामांबरोबर. मामा सख्खे नव्हेत. गाळ्यात सोल्डरिंग करायचे, वायरी ओढायचे आणि आईला ताई म्हणायचे. पडद्याची अवजड पेटी पाठीवर घेऊन ते जिना चढले. वर साहेबांनी त्यांनाच खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "इंजिनिअरसाहेब, किती वेळ लागेल?" मामा धापा टाकत होते. आई म्हणाली, "बसू द्या त्यांना, दमलेत. काम मी करते." आणि तिने साडीचा पदर खोचला. हा प्रसंग मामा अजून सांगतात, आणि दर वेळी पेटीचं वजन थोडं वाढतं.

चूक शोधून उसवायची तिची एक पद्धत होती. प्रोग्राम कागदावर छापायचा, एकाने तो मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने डोळे मिटून ऐकायचा. डोळे आपल्याला हवं तेच वाचतात, असं ती म्हणायची. सुरुवातीला मामा वाचायचे, पण तिसऱ्या पानावर त्यांना झोप यायची. मी पाचवीत गेले, इंग्रजी अक्षरं ओळखू लागले, आणि आईला वाचणारी मिळाली. शाळा सुटली की थेट गाळ्यात. कंसाला 'उघड' आणि 'मिट' म्हणायचं. ओळ संपल्याच्या खुणेला 'थांब'. प्रोग्राममध्ये माणसांसाठी लिहिलेली टीप आली की सुरुवातीला 'टीप उघड', शेवटी 'टीप मिट'. कामांची नावं तिने मराठीतच ठेवली होती, फक्त अक्षरं इंग्रजी: टाकीकाढ, पट्टीभर, हाकमार, भोंगा. सगळा अर्थ मला कळत नसे. बुद्धवंदना म्हणताना पाली शब्द आधी जिभेवर बसतात आणि अर्थ पुढे कधीतरी भेटतो, तसं ते होतं. मध्येच आई हात वर करायची.

"थांब. उघडलेलं मिटलंस का?"

मी वरच्या ओळी बघायचे. खरंच कुठेतरी मिटायचं राहिलेलं असायचं.

पुढे मला प्रकाशनात मुद्रितं तपासायची नोकरी लागली तेव्हा तिने शेजारीपाजारी पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "ट्रेनिंग माझ्याकडचं आहे."

फेब्रुवारीत ती गेली. परळच्या हॉस्पिटलात शेवटी शेवटी ती मला वाचायला सांगायची, हाताशी असेल ते. मी एक जाडजूड कादंबरी वाचून काढली. ती डोळे मिटून ऐकत असे. मध्ये झोप लागली असं वाटून मी थांबले की एक बोट हलायचं. शेवटचं पान झालं तेव्हा म्हणाली, "चांगली आहे. पण त्या धाकट्या जावेचं पुढे काय झालं? लेखकाने एक कंस उघडाच ठेवलाय."

पलीकडची नर्स हसली. मीही हसले. ती कादंबरी मी नंतर वाचनालयात परत केली.

मंगळवारी राजरत्नमामा बदलापूरहून आले, खांद्याला हत्यारांची पिशवी. बाबा मी कॉलेजात असतानाच गेलेले, त्यामुळे आता घरात मी एकटीच. आईच्या खोलीतला कॉम्प्युटर तिच्यामागे पहिल्यांदाच सुरू केला. मामांनी आधी तो पंखा पुसतात तसा पुसला.

"सांग, मी काय करू?"

"ऐका," मी म्हणाले. "आणि झोपू नका."

"ताईसारखी बोलायला लागलीस."

मी छापलेली पानं घेतली आणि वाचायला लागले. पहिल्या दोन पानांत जीभ अडखळली, मग लय सापडली. उघड, टाकी, मिट, थांब. कितीतरी वर्षांनी तोंडातून ते शब्द येत होते. फरक एवढाच की आता वाचता वाचता अर्थही कळत होता. एका ठिकाणी टाक्यांचा तक्ता होता: प्रत्येक टाकी पडद्यावर कुठे, किती मोठी, तिचा आवाज ऐकायचा की नाही. पुढे टाकीकाढ. तिच्यापुढे भोंगा: ओ आली नाही तर वाजव. मी पेन्सिलने खुणा केल्या. वर पाहिलं तर मामा ताठ बसले होते. डोळे मिटलेले, पण जागे. शेवटच्या पानापर्यंत ते झोपले नाहीत.

"काढता येईल," मी म्हणाले.

"मग काढ की."

नऊ नंबरचा गोल काढायचा नाही, आणि ती गप्प राहिली तरी भोंगा वाजवायचा नाही. दोनच जागी बदल. आपण काय केलं ते पुढे कोणाला कळावं म्हणून मी बदलाशेजारी एक छोटी टीपही लिहिली. आईच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम तयार करण्याचा हुकूम होता 'घर'. तो मी दिला. क्षणात, एकही तक्रार न करता, पडद्यावर चौकट उघडली आणि तिच्यात यार्ड उभा राहिला. अकरा गोल. आठ आणि दहाच्या मध्ये मोकळी काळी जागा.

मामांनी टाळी वाजवली. मी फाइल पेनड्राइव्हवर घेतली, पडद्याचा फोटो काढला, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

बुधवारी सकाळी श्रेयाने तो फोटो बघितला.

"गुड. पण मध्ये हा खड्डा बरा दिसत नाही. दहा, अकरा, बारा इकडे सरकवता येतील का? नाहीतर कंपनीचा लोगो टाकू. ऑडिटवाल्यांना आवडेल."

"लोगो?" बाबुराव म्हणाले. "मॅडम, मी हिथं बघतो, मग खिडकीतून तिथं बघतो. हिथं बघतो, तिथं बघतो. दिवसभर मान अशी. तिथं कुठंय लोगो? टाक्या सरकवल्या तर दहाचं तेल अकरात ओतीन मी."

"ओके, ओके. लोगो कॅन्सल." श्रेयाने फोटो मोठा केला. "पण मग पूर्ण खरंच दाखवू ना. नऊचा पाइप अजून तिथे आहे. तोंडावर आम्ही लोखंडी झाकण मारलंय. ते इथे दिसतच नाही. कोणी नवीन माणूस आला आणि त्याने ती लाइन उघडली तर?"

हे ना मला सुचलं होतं ना बाबुरावांना.

"पाइपच्या टोकाला फुली चालेल?" मी विचारलं.

"चालेल. ठळक मारा."

"दुपारी करते. आधी हे चढवून बघू."

टर्मिनलला जोडलेल्या कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरवर मी फाइल ठेवली आणि उतरवायचा हुकूम दिला. आईचा उतरवणारा प्रोग्राम काही विचारत नसे. जे हातात द्याल ते निमूट टर्मिनलमध्ये ओतायचा. काचेवर एक रेघ आली. मग आडव्या पट्ट्या, विरलेल्या लुगड्यासारख्या. मग सगळं गोठलं. गोल नाही, पाइप नाही, भोंगासुद्धा नाही.

"ताई," बाबुराव हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही तर बाराच्या बारा पाडल्यात."

श्रेयाने घड्याळ पाहिलं आणि फोन काढला. टेप आणि सेफ्टी बेल्ट गोदामातून काढून ठेवायला सांगत होती. बाबुरावांचा हात नकळत गुडघ्यावर गेला.

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मामा टर्मिनलच्या मागे वायरी हलवून बघत होते. बाहेर येऊन म्हणाले, "वायर ठीक आहे. अपू, तू काल हुकूम कोणता दिलास?"

"घर."

मामा माझ्याकडे बघतच राहिले, आणि मग पोट धरून हसायला लागले. श्रेया फोनवर बोलायची थांबली.

"अगं, 'घर' म्हणजे तालीम! ताईने घरच्या कॉम्प्युटरवर बघायला केलेली. ती घरच्याच कंपायलरने होते, घरच्याच यंत्राला कळते. इथलं टर्मिनल वेगळ्या जातीचं. त्याच्यासाठी 'शिवडी' म्हणायचं. तेव्हा क्रॉस-कंपायलर चालतो. दोन्हीतून फाइल एकाच नावाची बाहेर पडते. मी स्वतः दोनदा चुकीची घेऊन आलोय. ताईने मला दोन्ही वेळा परत चालत पाठवलं, टॅक्सीला नाही म्हणाली."

वाचनाला मी रोज असायचे. पण वाचन संपलं की मला घरी पिटाळायचे, म्हणून हा हुकूम मी कधी ऐकलाच नव्हता. गिऱ्हाईक शिवडीला होतं आणि मी घरच्याच मापाचं शिवून आणलं होतं.

"दुपारपर्यंत," मी श्रेयाला म्हणाले. "बेल्ट राहू दे गोदामात."

ती म्हणाली, "काढून तर ठेवते. चारला ठरवू."

आम्ही टॅक्सीने भोईवाड्याला घरी आलो. आधी पाइपच्या टोकाला फुली काढली. मग 'शिवडी'. या वेळी काही झटपट झालं नाही. जुना कंपायलर रांगेतल्या म्हाताऱ्यासारखा कुरकुरला आणि एका ओळीवर अडून बसला: चूक. तीच ओळ 'घर'ने विनातक्रार घेतली होती. मी ती पाहिली, पुन्हा पाहिली. मला काहीच चुकीचं दिसेना.

"वाच," मामा म्हणाले. "बघू नको, वाच."

मी मोठ्याने वाचायला लागले. ओळ आली, थांब आलं, मग मी लिहिलेली टीप. टीप उघड. नऊ नंबर काढली. आणि पुढची ओळ सुरू.

मी थबकले. मिट नव्हतं.

आईची प्रत्येक टीप दोन्हीकडून बंद असायची. मी मात्र इंटरनेटवर पाहिलेल्या नव्या पद्धतीने नुसत्या दोन तिरक्या रेघा मारून टीप लिहिली होती. तिला शेवट लागत नाही, ओळीबरोबर ती संपते. घरच्या कंपायलरला ही पद्धत माहीत होती. शिवडीचा कंपायलर तिच्याही आधीचा. त्याला उघडलेलं मिटलेलंच लागायचं. मी टीप जुन्या पद्धतीने लिहिली, दोन्हीकडून बंद. कंपायलर एक-एक फाइल घेत, सावकाश, शेवटापर्यंत गेला. या वेळी चित्र उघडलं नाही. नुसती फाइल तयार झाली. ती बरोबर आहे की नाही हे इथे बसून कळायला मार्ग नव्हता.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? तिथे जाऊन बघायचं," मामा म्हणाले. "ताई पण जाऊनच बघायची."

चार वाजायच्या आत आम्ही शिवडीत होतो. सेफ्टी बेल्ट टेबलावर होता, त्यावर गुंडाळलेली टेप. बाबुरावांनी भोंग्यावरचं डस्टर काढून टाकलं. म्हणाले, होऊ दे काय व्हायचं ते. मी हुकूम दिला.

काच काळी झाली. मापकांच्या वायरी जिथे येतात त्या डब्यातून 'टक' असा आवाज आला आणि एक नंबरचा गोल उमटला, शेजारी तिची पट्टी. टक, दोन. टक, तीन. लहानपणी आईबरोबर येऊन हे मी कितीदा पाहिलं होतं: सुरू होताना टर्मिनल एकेका टाकीला हाक मारतं, तिची ओ आली की तिला काढतं. आठपर्यंत सगळं सुरळीत आलं. मग टक झालं आणि काही उमटलं नाही. थोडा वेळ गेला. मग पुन्हा टक, आणि दहा. अकरा. बारा. नऊच्या जागेकडे जाणाऱ्या पाइपच्या टोकाला ठळक फुली.

खोलीत कसलाही आवाज नव्हता. तो नसणं कानाला जाणवत होतं.

"अपू," मामा हळूच म्हणाले. त्यांचे कान जन्मभर असले आवाज ऐकण्यात गेलेले. "हे अजून नऊला हाक मारतंय. तू चित्र काढलंस, भोंगा काढलास. हाकमार राहिलं."

"हो. आत्ता लक्षात आलं. घरी मापकंच नव्हती."

"त्याने काही धोका?" श्रेयाने विचारलं.

"धोका कसला?" मामा म्हणाले. "हाक मारतं, वाट बघतं, पुढे जातं. जरा उशीर होतो इतकंच. काढायचं तर परत घरी जाऊन यावं लागेल. जायचं?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"राहू दे," मी म्हणाले.

"पण दहा खरंच वाजेल ना?" बाबुरावांना तेवढंच हवं होतं. मामांनी डब्याचं झाकण उघडलं आणि दहा नंबरच्या मापकाची वायर खेचून काढली. क्षणभराने दहाचा गोल लुकलुकायला लागला आणि भोंगा वाजला. इतक्या दिवसांनी मोकळ्या तोंडाने वाजला. खिडकीच्या काचा थरथरल्या, खाली वॉचमन उठून उभा राहिला.

"अरे लाव रे ती परत! कानात शिरला!"

"ऐकू आलं ना?" मी ओरडून विचारलं.

"माझ्या सासूला चिपळूणला ऐकू आलं असेल!"

मामांनी वायर लावली. भोंगा थांबला. श्रेयाने टेबलावरची टेप आणि बेल्ट उचलून बाबुरावांच्या हातात दिले. "गोदामात टाका परत. उद्या जहाज याच्यावर घेऊ." मग टर्मिनलकडे बघत ती माझ्याशी म्हणाली, "नवीन सिस्टिमवाल्यांना हे चित्र दाखवीन. त्यांचं असंच पाहिजे म्हणून."

मी मान हलवली. दिवाळी लांब होती.

बाबुराव बेल्ट ठेवून चहा घेऊन आले. मामा म्हणाले, "एकदा पूर्ण बंद करून चालू कर. थंड्यातून उठलं तरच काम झालं." टर्मिनल बंद केलं की त्याच्या डोक्यातलं सगळं जातं, दर वेळी पहिल्यापासून उतरवावं लागतं. मी बटण दाबलं. काचेच्या मधोमध एक ठिपका उरला आणि विझला. पुन्हा दाबलं. प्रोग्राम उतरेपर्यंत आम्ही चौघं उभे होतो, कोणी बसलं नाही.

टक. एक. बाबुरावांनी खिडकीतून खऱ्या एक नंबरकडे पाहिलं, मग परत काचेकडे. टक, दोन. बंदराकडून वारा आला आणि टेबलावरचे कागद हलले. श्रेयाने त्यांच्यावर हेल्मेट ठेवलं. पाच, सहा, सात. आठ नंबर आली, तिची पट्टी निम्म्यावर थांबली.

टक.

काळ्या काचेवर काहीच झालं नाही. बाबुरावांनी चहाचा कप तोंडाजवळ नेला होता, तो तिथेच राहिला. मामांनी मान जराशी खाली घातली. मी मोकळ्या जागेकडे बघत उभी राहिले. बाहेर चौथऱ्यावर ऊन होतं.

मग दहा नंबरने ओ दिली.